वाचकांचे प्रश्न : विद्यापीठात शिकायला जाताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची आहेत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे आहे, आणि पत्रांवरून असे दिसते की लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपल्या घरातून विद्यापीठाची पायरी चढणारे पहिलेच आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत. परंतु बहुतेकांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. विद्यापीठात पुष्कळ काही उपलब्ध असते, पण ते कोणाकडे, केव्हा आणि कसे मागायचे हे सांगणारे घरी कोणी नसते. म्हणून काही उत्तरे मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला शिवाजी विद्यापीठात एम. एस्सी. रसायनशास्त्रासाठी प्रवेश मिळाला आहे. आमचे गाव शाहूवाडी तालुक्यात मलकापूरजवळ आहे. एस. टी.ने रोज जाऊन-येऊन शिकणे जमेल, असे घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. मुलीला मात्र वसतिगृहात राहायचे आहे. आपले मत कळवावे.
– एक पालक, शाहूवाडी तालुका

उत्तर : मुलीला वसतिगृहात ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मलकापूर ते कोल्हापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरचे असले, तरी आपल्या मुलीचा प्रवास मध्यवर्ती बसस्थानकावर संपणार नाही. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे–बंगळूर महामार्गाच्या बाजूला आहे, त्यामुळे तेथून पुढे केएमटीची बस किंवा रिक्षा आलीच. गावातून निघण्यापासून विभागात पोहोचेपर्यंतचा वेळ आणि परतीचा तेवढाच वेळ धरला, तर दिवसाचे चार-पाच तास रस्त्यावर जातात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला कदाचित हे निभावता येईल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकामुळे ते फार जड जाते. प्रयोग रेंगाळला आणि शेवटची सोयीची गाडी चुकण्याची वेळ आली, की मुले प्रयोग अर्धवट सोडतात किंवा शेजाऱ्याची निरीक्षणे उतरवून घेतात. हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि त्यात मुलांचा आळस नसतो, गाडीचे वेळापत्रक असते.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. सत्र सुरू होते तेच ऐन पावसात. पंचगंगेला पूर आला की कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर केर्लीजवळ पाणी येऊन वाहतूक थांबते, हे आपण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत अनुभवले असेलच. पहिल्या सत्राचे वर्ग नुकतेच मार्गी लागत असताना आठवडाभर गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याला मागचे भरून काढायला पुढे महिना लागतो.

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी मला समजते आणि ती रास्त आहे. त्यांनी एकदा स्वतः येऊन मुलींचे वसतिगृह पाहावे, रेक्टरबाईंना भेटावे, रात्री परतण्याची वेळ काय, घरी जाताना कोणाची सही लागते, आजारी पडल्यास दवाखान्यात कोण नेते, हे सर्व त्यांनाच विचारावे. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबर आपोआप होत नाही. तो वेगळा भरावा लागतो, आणि खोल्या अर्ज करणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असतात. त्यामुळे घरात विचारविनिमय चालू असला तरी अर्ज मात्र आजच भरावा. खोली मिळाली नाही, तर राजारामपुरी, सम्राटनगर, सुभाषनगर या भागांत मुलींसाठी कॉट बेसिसवर खोल्या मिळतात. तेथे अनामत रक्कम किती, ती परत केव्हा मिळते आणि पाण्याची सोय कशी आहे, हे विचारून घ्यावे आणि पैशांची पावती घ्यावी.

आपल्या पत्रात एक वाक्य आहे की ‘मुलीच्या शिक्षणासाठी घराबाहेर ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही’. या संदर्भात आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा, अशी माझी विनंती आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली; १९०८ साली अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातील मूल शहरात राहिल्याशिवाय शिकू शकत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. दसरा चौकात उभे राहिले तर त्यांपैकी कितीतरी इमारती आजही दिसतात. त्या काळी ही सोय प्रामुख्याने मुलांना मिळाली. आता ती आपल्या मुलीला मिळत असताना आपण ती नाकारू नये.

प्रश्न : मी एम. ए.च्या पहिल्या वर्षात आहे. वडिलांची एक एकर कोरडवाहू शेती आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, पण पैसे अजून आलेले नाहीत. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले आहेत. ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव द्यावे असे वाटते, परंतु ज्या विद्यापीठात शिकतो तेथेच झाडलोट किंवा कार्यालयीन हरकाम्याचे काम करताना वर्गातील मुले पाहतील, याचा संकोच वाटतो.
– एक विद्यार्थी, जत तालुका

उत्तर : आधी पैशांचे पाहू, कारण ती निकड आहे.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे समजू नका. तो अर्ज प्रथम तुमच्या संस्थेच्या लॉगिनला जातो, तेथून संबंधित खात्याकडे जातो आणि मगच पैसे खात्यावर जमा होतात. यांपैकी तो कोठे थांबला आहे, हे तुम्हाला तुमच्या लॉगिनमधून पाहता येते. माझ्या पाहण्यातले बहुतेक अर्ज दोनच कारणांनी अडकतात. एक तर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते किंवा एखादे कागदपत्र अस्पष्ट असते, आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत आलेला असूनही विद्यार्थ्याने लॉगिन उघडलेले नसते. नाही तर बँक खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा जोडलेले खाते भलतेच, एखादे जुने बंद पडलेले असते. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. उद्याच बँकेत जाऊन याची खात्री करा आणि नंतर विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागात अर्जाची प्रत घेऊन जा. तेथे ‘माझी शिष्यवृत्ती कधी येईल?’ असे विचारू नका. ‘माझा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यात कोणती त्रुटी आहे?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कर्मचाऱ्याच्या हाती नसते, दुसऱ्याचे असते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागेल, हेही आताच लक्षात ठेवा.

तुम्ही कोणत्या प्रवर्गातील आहात हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून सर्वसाधारण माहिती देतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी रक्कम मिळते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, त्यामुळे तुमच्या एम. ए.ला तो लागू होणार नाही. मेस चालवणाऱ्या मावशींना किंवा काकांना ही सर्व परिस्थिती स्वतःहून सांगा. विद्यार्थ्यांच्या जीवावर खानावळ चालवणाऱ्यांना शिष्यवृत्ती उशिरा येते हे पुरते ठाऊक असते. त्यांना राग येतो तो न सांगता मेस बदलणाऱ्यांचा.

आता तुमच्या संकोचाविषयी. तो खरा आहे, म्हणून ‘काम कोणतेही हलके नसते’ एवढे म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. वर्गातील काही मुले पाहतील आणि एखादा काही बोलेलही. परंतु तुम्ही ज्या भागात शिकत आहात तेथे या योजनेला फार मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तेथून पुढे वसतिगृहातील मुलांनी शेतात, बांधकामावर राबावे आणि त्या श्रमातून आपले शिक्षण करावे, ही रीत त्यांनी रुजवली. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय याच तत्त्वावर उभे राहिले. पुढे शिवाजी विद्यापीठानेही ‘कमवा आणि शिका’ला आपल्या आवारात जागा दिली. या योजनेतून शिकलेले लोक आज प्राध्यापक, अधिकारी, संशोधक आहेत, आणि ते आपल्या परिचयात ही गोष्ट अभिमानाने नमूद करतात.

व्यवहाराच्या बाजूने पाहिले तरी या योजनेचा एक फायदा माझ्या मते पैशापेक्षा मोठा आहे. ग्रंथालयात किंवा एखाद्या विभागात रोज काही तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ आतून कळते. पुस्तक कोठे असते, कोणत्या टेबलावर कोणता कागद जातो, कोणते प्राध्यापक संध्याकाळी उशिरापर्यंत बसतात, हे त्याला पहिल्याच सत्रात समजते. इतरांना यासाठी दोन वर्षे लागतात, आणि तोवर पदवी हातात येऊन बाहेर पडायची वेळ होते. अर्ज करताना ग्रंथालयातील कामाला पसंती असल्याचे लिहा. मिळेलच असे नाही, पण न लिहिता ते मिळण्याची शक्यता त्याहून कमी आहे. एक पथ्य मात्र पाळा. शिष्यवृत्ती आल्यावरही काम चालू ठेवायचे असेल, तर परीक्षेच्या आधीचा महिना मोकळा मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

प्रश्न : मी एम. ए. इतिहासाला प्रवेश घेतला आहे, परंतु माझ्या खोलीतील तिघेही एमपीएससीची तयारी करतात आणि दिवसभर शहरातील अभ्यासिकेत बसतात. ‘एम. ए. नावापुरते करायचे, तासांना बसून वेळ घालवायचा नाही’ असे ते सांगतात. मलाही राज्यसेवा द्यायची आहे. काय करावे?
– एक विद्यार्थी, माण तालुका

उत्तर : तुमच्या मित्रांचा सल्ला जुन्या परीक्षेपुरता काही अंशी समजण्यासारखा होता. राज्यसेवा मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती, तेव्हा अभ्यासिकेत बसून पर्यायी उत्तरांचा सराव करणे हाच मार्ग बहुतेकांनी पत्करला होता. २०२५ पासून ही मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिका आणि एका वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी २५० गुणांच्या, अशी तिची रचना आहे. मराठी आणि इंग्रजीच्या पात्रता प्रश्नपत्रिका वेगळ्या. वैकल्पिक विषयांच्या यादीत इतिहास आहे. म्हणजे १७५० पैकी ५०० गुण ज्या विषयाचे आहेत, तो विषय शिकवणारे प्राध्यापक, त्यांचे तास आणि त्यांचे ग्रंथालय तुमच्या वाट्याला आलेले असताना तुम्ही ते सोडून शुल्क भरून अभ्यासिकेत जाण्याचा विचार करीत आहात.

वर्णनात्मक उत्तर लिहिण्याची सवय बाजारातील नोट्समधून लागत नाही. एखादा मुद्दा मांडणे, त्याला पुरावा देणे, विरुद्ध मताची दखल घेणे, आणि हे सर्व ठरलेल्या वेळेत कागदावर उतरवणे, हे एम. ए.च्या चर्चासत्रात आणि अंतर्गत मूल्यमापनात करून घेतले जाते. अर्थात विद्यार्थी तेथे हजर असेल तर. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सत्रात संशोधनपद्धती आणि दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला आहे. बरेच विद्यार्थी हे उरकून टाकतात. तुम्ही तसे करू नका. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, करवीर संस्थानाची कागदपत्रे आहेत, आणि विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे अभ्यासक होते, ज्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगले शहर महाराष्ट्रात शोधावे लागेल. मोडी लिपी वाचता येत नसेल, तर याच दोन वर्षांत शिकून घ्या.

स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो, आणि ती ऐकायला कोणालाच आवडत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी असतात, त्यामुळे मन लावून अभ्यास करणाऱ्यांपैकीही बहुतेकांची निवड होत नाही. ज्याने एम. ए. नीट केले आहे त्याच्या हाती नेट, सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, संशोधन, अध्यापन, संग्रहालये असे काही मार्ग उरतात. ज्याने ते नावापुरते केले, त्याच्यापाशी तिसाव्या वर्षी एक गुणपत्रिका असते आणि त्या विषयावर दहा मिनिटे बोलण्याचीही तयारी नसते. सकाळी तासांना बसा, दुपार ग्रंथालयात काढा, संध्याकाळी चालू घडामोडी वाचा. तुमचे खोलीतील मित्र चांगले असतील, पण त्यांच्या दिनक्रमाने तुमचा दिनक्रम ठरू देऊ नका.

प्रश्न : माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. बी. एस्सी. कशीबशी निभावली, परंतु विद्यापीठात आल्यापासून वर्गात प्रश्न विचारायचे धाडस होत नाही. सेमिनार आला की ताप येतो.
– एक विद्यार्थिनी, पाटण तालुका

उत्तर : तुमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले कदाचित याच अवस्थेत असतील, परंतु प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच आहोत. आधी दोन अडचणी वेगळ्या करा. संकल्पना समजली नाही, की समजली पण इंग्रजीत सांगता येत नाही? पहिली अडचण असेल तर ती संकल्पना मराठीत वाचण्यात काहीही कमीपणा नाही. तुमच्याच जिल्ह्यातील वाई येथून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्यातील विज्ञानविषयक नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. नोंद वाचून मग इंग्रजी पाठ्यपुस्तकातील तोच भाग उघडला, तर वाक्ये परकी राहिली तरी विषय परका राहत नाही.

प्रश्न मराठीत विचारा. या विद्यापीठातील बहुसंख्य प्राध्यापक स्वतः याच भागातील शाळांतून आलेले आहेत. ते मराठीत विचारलेल्या चांगल्या प्रश्नाला नाक मुरडणार नाहीत. वर्गात जमत नसेल तर तास संपल्यावर विचारा. सेमिनारसाठी पाठांतर करू नका, कारण एक वाक्य विसरले की पुढचे सगळे कोसळते. त्याऐवजी प्रत्येक आकृतीबद्दल तीन साधी वाक्ये तयार करा आणि मैत्रिणीसमोर, रिकाम्या वर्गात, फळ्याजवळ उभे राहून दोनदा बोलून पाहा. बसून केलेला सराव उभे राहिल्यावर उपयोगी पडत नाही.

प्रश्न : एका विषयात अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण पडले आहेत. तक्रार कोणाकडे करावी?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : थेट तक्रार करू नका. परीक्षा विभागाने दिलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती विषयशिक्षकांना दाखवा आणि त्यांनाही तफावत जाणवली तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत चुकली की कोणाचाही इलाज चालत नाही. प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती किंवा भेदभावाची तक्रार असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्या निर्णयावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. निव्वळ गुण वाढवून मागण्यासाठी मात्र तो मार्ग नाही.

प्रश्न : मी चंदगडची. विद्यापीठात येऊन तीन महिने झाले. दर शुक्रवारी घरी जाते आणि सोमवारी परत येते. येथे माझे कोणीच नाही असे वाटते. शिक्षण सोडून द्यावे, असेही मनात येते.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : निर्णय आता घेऊ नका. पहिले सत्र पूर्ण होईपर्यंत तो बाजूला ठेवा, एवढे माझ्यासाठी करा.

चंदगड कोल्हापूरपासून दूर आहे, आणि दर आठवड्याला तेवढा प्रवास करणाऱ्या मुलीचे येथे कोणी होणार तरी कसे? मैत्री तासांच्या वेळेत फारशी होत नाही. ती रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना, मेसला सुट्टी असलेल्या रात्री चौघींनी मिळून काय खायचे हे ठरवताना, विद्यापीठाच्या आवारात मोर पाहत फिरताना होते, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही एस. टी.त असता. दोन आठवड्यांनी एकदा घरी जा, मग तीन आठवड्यांनी. आईला आधी सांगून ठेवा, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही.

राहिलेल्या रविवारी खोलीत पडून राहू नका. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० साली सुरू झालेले ग्रंथालय शहरात आहे; शाहू स्मारक भवनात व्याख्याने आणि प्रदर्शने असतात; रंकाळा तर आहेच. युवा महोत्सवासाठी नावे मागवली जातील तेव्हा काहीच येत नसले तरी नाव द्या. पथनाट्याच्या चमूला पडद्यामागची माणसेही लागतात, आणि तालमीचे ते दिवस संपेपर्यंत तुमच्या दहा-बारा ओळखी झालेल्या असतील.

मात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, रडू आवरत नसेल किंवा जगणेच नको असे वाटत असेल, तर ही घरची आठवण नव्हे. अशा वेळी टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा; तेथे मराठीत बोलता येते. रेक्टरबाईंनाही सांगा. आणि हे पत्र वाचल्यावर मला पुन्हा लिहा. त्या पत्राचे उत्तर मासिकात न छापता मी तुम्हाला स्वतंत्रपणे पाठवीन.